रातांबे पिकलेत आणि फाटकाला कुलूप आहे

वाचकाचं पत्र

नमस्कार. यजमान निवृत्त झाले आणि आम्ही डोंबिवली सोडून राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी राहायला आलो. घर वीसेक वर्षं बंद होतं. आवारात रातांब्याची, म्हणजे कोकमची, चार झाडं, एक कापा (घट्ट गऱ्यांचा) आणि एक बरका (मऊ, रसाळ गऱ्यांचा) फणस, रायवळ (गावठी) आंब्याची तीन जुनी झाडं आणि थोडे माड आहेत. मागच्या दारी मी भाजीचे वाफे केले. मोकाट गुरांनी ते दोनदा साफ केले, म्हणून यजमानांनी सगळ्या आवाराला तार मारून फाटकाला कुलूप लावलं. शेजारच्या काकींची विहिरीवर आणि खालच्या मळ्यात जायची पायवाट आमच्या खळ्यातून, म्हणजे अंगणातून, होती, ती त्यामुळे बंद झाली. घर बंद असताना कौल फुटलं, फांदी पडली की मुंबईला फोन करून कळवणाऱ्या याच काकी. दरवर्षी रातांबेही त्याच गोळा करायच्या. यंदा त्या झाडाखाली दिसल्या तेव्हा मी म्हटलं, "आता आम्ही आहोत, आम्हीच करू." माझ्या मनात काही नव्हतं. पण तेव्हापासून त्या आल्या नाहीत, समोर दिसल्या तरी मान वळवतात. मे संपत आला. झाडाखाली रातांब्यांचा सडा पडतो आहे, फणस पिकून फुटताहेत. मदतीला कुणी मिळत नाही. एक व्यापारी चारही झाडांचे रातांबे उक्ते, म्हणजे एकरकमी, मागतो आहे. देऊन टाकू का? सोलं (रातांब्याच्या वाळवलेल्या साली) आणि साठं (फळाच्या रसाची वाळवलेली पोळी) सासूबाई करायच्या, त्या आता नाहीत. वाफ्यांचं पावसाआधी काय करायचं? आठळ्या, म्हणजे फणसाच्या बिया, पावसाळाभर कशा ठेवायच्या? आणि काकींशी बोलायला जाऊ तरी कशी? यजमान म्हणतात, त्यांना मजुरी देऊन बोलवू.
— एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर

ताई,

व्यापाऱ्याला आजच नाही म्हणून कळवा आणि आज संध्याकाळीच काकींकडे जा. सोलं, साठं, वाफे, आठळ्या या सगळ्याबद्दल खाली लिहिते आहे, पण त्यातलं निम्मं काम काकींवाचून व्हायचं नाही. म्हणून क्रम हाच ठेवा.

घाई कसली ते सांगते. पाऊस केरळात पोचायची सरासरी तारीख १ जून आणि मुंबईची ११ जून. आपण मधल्या पट्ट्यातले, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात तो आपल्या दारात असतो. पण तो तारखा पाळतोच असं नाही. २०२५ साली २५ मे रोजीच मोसमी पाऊस देवगडपर्यंत येऊन थडकला होता आणि कितीतरी घरांची वाळवणं अर्ध्यावर राहिली. मोसमी पाऊस लांबला तरी त्याआधीचे वळीव आहेतच. त्यामुळे तुमच्याकडे कडक उन्हाचे मोजके दिवस उरले आहेत असं धरून चला. रातांब्याचं जुनं झाड चांगलं भरलं तर एकटं शंभर किलोच्या पुढे फळ देतं. तुमच्याकडे अशी चार झाडं आहेत, शिवाय दोन फणस आणि तीन रायवळ. घरात माणसं दोन.

कोकणातलं मेअखेरचं काम एका घराच्या आवाक्यातलं कधीच नव्हतं. फळं एकदम पिकतात, ऊन एकदम संपतं. तुमच्या सासूबाई सोलं करायच्या तेव्हा त्यांच्या हाताखाली जावा होत्या, पुतणे होते, आणि मला खात्री आहे की गडग्यापलीकडच्या (दगडी कुंपणापलीकडच्या) काकीही होत्या, वयाने लहान, नवीन लग्न होऊन आलेल्या. आज तुमच्या घरात दोन माणसं आणि बहुधा काकींच्या घरातही दोन-तीनच. हे दोन्ही घरांचे हात एका खळ्यात आले तरच हे फळ घरात जाईल.

झाडं तुमची आहेत याबद्दल कुणाचं दुमत नाही, काकींचंही नसावं. पण वीस वर्षं त्या झाडांखालचा पातेरा (वाळका पाला) कुणीतरी ओढत होतं म्हणून तिथे वणवा शिरला नाही. फळ उचललं जात होतं म्हणून खाली कुजून माश्या झाल्या नाहीत आणि माकडांच्या टोळीला तुमचं आवार कायमचं घर वाटलं नाही. पायवाट पायाखाली होती म्हणून खळ्यात रान माजलं नाही. बंद घराच्या आवाराची कोकणात काय दशा होते ते तुम्ही आसपास पाहत असालच. पाच पावसाळ्यांत घाणेरी पडवीपर्यंत येते. तुम्ही परत आलात तेव्हा आवार आवारासारखं होतं, ते काकींमुळे. त्यांनी नेलेले रातांबे ही त्या राखणीची परतफेड होती. कुणी ते ठरवलं नव्हतं, पण दोन्ही घरांना ते मान्य होतं. "आम्हीच करू" हे तुम्ही कामाबद्दल म्हणालात. त्यांना ते वीस वर्षांचा हिशेब मिटवल्यासारखं ऐकू आलं असेल. त्यातही आधीच कुलूप लागलेलं होतं.

आता जायचं कसं. एकट्या जा, यजमानांना नंतर न्या. चारनंतर, उन्हं उतरली की जा. तेव्हा चहा होतो आणि माणूस जरा बसतं. शहरातून आणलेल्या मिठाईचा पुडा नेऊ नका, त्याने पाहुणचार होतो आणि तुम्हाला पाहुणी व्हायचं नाही. तुमच्या झाडाचा एक पिकलेला फणस न्या, शक्य असेल तर कापा, आणि रोवळीभर रातांबे. आधी एवढंच बोला: "काकी, कुलूप लावायला नको होतं, तुमची वाट बंद झाली हे आमच्या ध्यानात आलं नाही. उद्यापासून वाट मोकळी आहे." हे एकदाच बोला आणि थांबा. गुरांनी वाफे कसे खाल्ले, यजमानांचा हेतू काय होता, हे सांगत बसू नका. मग दुसरं वाक्य: "रातांबे वाया जाताहेत आणि मला सोलं येत नाहीत. सासूबाई असत्या तर त्यांना विचारलं असतं. तुम्ही शिकवाल का?" हे खरंच आहे, तुम्हीच पत्रात लिहिलं आहे, तेव्हा बोलायला जड जाऊ नये. त्या पहिल्या दिवशी गप्प राहिल्या, "बघू" म्हणाल्या, तरी वाईट वाटून घेऊ नका. फणस त्यांच्या पडवीत ठेवून या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक उघडं दिसेल असं करा. उघडी वाट पाहिल्यावर त्या आपण होऊन येतील असं मला वाटतं.

मजुरीचं मात्र यजमानांना नाही म्हणून सांगा, आणि हे मी आग्रहाने लिहिते आहे. ज्या बाईने वीस वर्षं तुमच्या घरावर विनामोबदला लक्ष ठेवलं तिच्या हातावर दिवसाचे पैसे ठेवणं म्हणजे तिला परकी करणं. त्यांना वाटा द्या, आणि पहिला रातांबा फोडायच्या आधी तो बोलून ठेवा. आपल्याकडे अर्धेलीची रीत जुनी आहे: झाड एकाचं, मेहनत दुसऱ्याची, माल निम्मा-निम्मा. इथे तर मेहनत दोघींची आणि शिकवणं त्यांचं, तेव्हा सोलांचा निम्मा वाटा त्यांचा हे मला अगदी रास्त वाटतं. बियांचाही निम्मा करा, कारण बियांचं तेल निघतं आणि लोक ते विसरतात. न बोललेल्या वाट्यावरून जेवढी शेजारं तुटतात तेवढी बांधावरूनही तुटत नसतील. झाडावर चढायला गडी बोलवलात तर त्याची मजुरी मात्र रोख आणि पूर्ण द्या. पावसाच्या तोंडावर, बुळबुळीत फांदीवर चढणं जिवावरचं काम आहे.

कुलपाचं काय करायचं तेही सांगते, कारण यजमानांची अडचण खरी आहे. मळे रिकामे झाले की गुरं मोकळी सुटतात आणि ती वाफा ठेवत नाहीत. म्हणून तार राहू द्या, पण ती वाफ्यांभोवती आणा. वाफ्यांचं आवार वेगळं, खळं वेगळं. आणि पायवाटेच्या दोन्ही तोंडांना कुलपाच्या फाटकाऐवजी बेडं घाला: दोन खांब, त्यांत आडवे सरकणारे बांबू. माणूस बांबू सरकवून जातो, मागे लावून घेतो, गुराला ते जमत नाही. जुलैत काकींच्या घरचे लोक डोक्यावर तरव्याच्या (भाताच्या रोपांच्या) जुड्या घेऊन मळ्यात उतरतील. पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, लांबून, शेवाळलेल्या पायऱ्यांवरून त्यांना जावं लागू नये.

आता काम.

उरलेल्या दिवसांचा एकच नियम धरा: ज्याला ऊन लागतं ते आधी, ज्याला मीठ, साखर किंवा चूल लागते ते नंतर. सोलं, फणसाचं साठं, आंब्याचं साठं आणि आंबोशी (कैरीच्या वाळवलेल्या फोडी) यांना ऊन हवं. आगळ (रातांब्याचा खारवलेला रस), कोकमचं सरबत, मोरांबा, खारातले गरे, तळलेले गरे ढग आले तरी होतात. रोज सकाळी आकाश पाहून त्या दिवसाचं काम ठरवा.

सोलांसाठी रातांबे लालजांभळे, पूर्ण पिकलेले घ्या. झाडाखाली ताडपत्री किंवा जुनं लुगडं अंथरा आणि आकडीने फांदी हलवा, म्हणजे फळ मातीत पडत नाही. आधीच पडलेली फळं त्याच दिवशी उचला. या उकाड्यात रात्रभर राहिलेलं फळ आंबतं आणि ते सोलात घातलं तर सगळा घाणा बिघडतो. धुवायचे ते अख्खे असताना, फोडल्यावर पाणी लागू द्यायचं नाही. धुतलेले रातांबे पुसून किंवा सावलीत निथळवून फोडा. साल एका बाजूला, बी आणि बुळबुळीत गर दुसऱ्या भांड्यात. भांडं चिनी मातीचं, स्टीलचं किंवा चांगल्या प्लास्टिकचं घ्या. रातांब्याची आंबटाई पितळेला, ॲल्युमिनियमला आणि लोखंडाला लागते आणि चवही बदलते. साडी जुनी नेसा, हा डाग जात नाही.

बी-गरात जाडं मीठ घाला, गराच्या वजनाच्या साधारण दहावा हिस्सा, आणि ढवळून ठेवा. थोड्या वेळाने त्याला लालभडक रस सुटतो. साली पहिल्या दिवशी नुसत्या उन्हात टाका, म्हणजे त्या मरगळतात. संध्याकाळी त्या या खारट रसात बुडवा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी निथळून पुन्हा उन्हात. संध्याकाळी पुन्हा रसात. ही पुटं देत राहायचं. कुणी तीन देतं, कुणी पाच, काही घरांत सात देतात. रस संपेपर्यंत द्यावीत हे माझं मत, कारण सोलाचा रंग आणि आंबटपणा पुटांवरच ठरतो. एकाच पुटात वाळवलेलं सोल सारात घातलं की फिकं पाणी सोडतं, बाजारात बरंच तसलंच मिळतं. व्यापाऱ्याला नाही म्हणा असं मी पहिल्याच ओळीत लिहिलं त्यामागे हेही कारण आहे. रातांबा ओला, उक्ता विकला की झाडाची किंमत तिथेच संपते, सगळी कमाई पुढच्या कामात आहे. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, ते काही उगाच नाही.

सोल झालं हे कसं ओळखायचं? रंग जवळजवळ काळा, हाताला लवचीक, दाबल्यावर ओल नाही पण मोडतही नाही. कडकडीत वाळवू नका. गार झाल्यावर बरणीत दाबून भरा, वरून चिमूट-चिमूट मीठ. रात्री वाळवण बाहेर ठेवू नका, पहाटे दव पडतं. आणि मधेच वळीव आला तर घाबरू नका: साली पुन्हा रसात टाका आणि झाकून ठेवा. मीठ चांगलं असेल तर रसात त्या दोन दिवस सुखाने राहतात, उघड्यावर दमट हवेत मात्र एका रात्रीत बुरसतात. ही गोष्ट काकी तुम्हाला सांगतीलच, पण त्या नसताना पाऊस आला तर उपयोगी पडेल.

शेवटी-शेवटी, जेव्हा उन्हाचा भरवसा उरत नाही, तेव्हा आगळ करा. नुसता रस गाळून घ्यायचा आणि किलोभर रसाला दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ घालायचं, ढवळायचं, स्वच्छ कोरड्या बाटल्यांत भरायचं. हात आखडू नका, मीठ कमी पडलं तर आगळ फसफसतं. सोलकढी वर्षभर याच्यावर चालते. सरबतासाठी सालींच्या वाट्यांत साखर भरून बरणीत थर लावा, सालींच्या वजनाच्या दुप्पट साखर. तोंडाला दादरा (फडकं) बांधा, आठवडाभर रोज ढवळा आणि असेल तेवढं ऊन दाखवा. साखर पूर्ण विरघळली की गाळा.

बिया रस काढून झाल्यावर धुऊन खडखडीत वाळवा आणि पोत्यात टांगून ठेवा. त्यांचं काम थंडीत. तेव्हा त्या कुटून पाण्यात उकळतात, वर तेल तरंगतं, गार झालं की गोठतं आणि त्याचे हाताने मुटके वळतात. पायाच्या भेगांना याच्यासारखं दुसरं काही नाही. हिवाळ्यात काकींना तुमच्या चुलीपाशी बोलवायला हे एक आणखी निमित्त.

फणसाचं पाहू. तुमच्याकडे दोन्ही जाती आहेत हे भाग्य. बरका साठ्याचा, कापा तळायचा. कोयत्याला आणि हातांना खोबरेल लावल्याशिवाय फणसाला हात लावू नका. बरक्याचे गरे आठळ्या काढून चाळणीवर घासले की रस पडतो, चोथा वर राहतो. ताटांना तुपाचा हात फिरवा आणि रस पातळ पसरा. जाड थर लावायचा मोह होतो, पण आता उन्हाचे दिवस थोडे आहेत, पातळच लावा. पहिला थर वाळला की त्यावर दुसरा. तीन-चार कडक उन्हं मिळाली तर साठं ताटातून अलगद सुटतं. रायवळ आंब्याचंही असंच, फक्त तो रस पातळ असतो म्हणून आधी चुलीवर थोडा आटवून घ्या, गोडीप्रमाणे साखर घाला. ऊन मिळेनासं झालं तर हाच रस साखर घालून घट्ट आटवा आणि बरणीत भरा, साठ्याचा हट्ट सोडा. अर्धवट वाळलेलं साठं जपून ठेवण्यात अर्थ नाही, ते लगेच खाऊन टाकावं.

रायवळचे पिकायला आलेले आंबे पावसाआधी उतरवा. वळीव पडला की फळमाशी वाढते आणि मग वरून देखणा आंबा आत अळ्यांनी भरलेला निघतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला रक्षक सापळा मिळाला तर पुढच्या वर्षी फळं धरू लागतानाच टांगा, आता उशीर झाला. कच्चे राहिलेले घट्ट आंबे अख्खे खारात घाला: किलोला साधारण दोनशे ग्रॅम जाडं मीठ, एक थर आंब्यांचा, एक मिठाचा, वर स्वच्छ दगडाचं वजन. त्यांना पाणी सुटतं आणि ते त्यातच बुडून राहिले पाहिजेत. श्रावणात मासे बंद असतात तेव्हा पेजेबरोबर हा आंबा म्हणजे पक्वान्न. कच्च्या फणसाचे गरेही असेच खारात राहतात, भाजीआधी ते पाण्यात भिजवून मीठ उतरवायचं.

कापा फणस जून झालेला पण न पिकलेला घ्या, गऱ्यांच्या लांब चिरा करा, खोबरेलात तळा आणि तळत आले की मिठाचं पाणी तेलात शिंपडा. चरचर थांबली की काढा. पूर्ण गार झाल्यावर डब्यात. हे काम पोरांना फार आवडतं, आणि पोरं आत्ता गावात आहेत. १५ जूनच्या सुमारास शाळा सुरू होतात, त्याआधी चाकरमानी परततील आणि वाडी रिकामी होईल. तोवर वाडीतल्या सुट्टीला आलेल्या मुलांना रातांबे वेचायला बोलवा, संध्याकाळी पानभर तळलेले गरे द्या. मदतीला कुणी मिळत नाही असं तुम्ही लिहिलंत. फाटक उघडल्यावर किती जण येतात ते पाहा.

तयार मालातला काही मुंबईला विकावासा वाटला तर विका. लहान घरगुती उद्योगालाही अन्न सुरक्षेची नोंदणी लागते, तेवढी करून घ्या. आणि विकलेल्या मालातही काकींचा वाटा ठरल्याप्रमाणे.

वाफ्यांचं काम सकाळी लवकर, सोलं उन्हात टाकायच्या आधी उरका. लाल माठाची दोन-चार जोमदार रोपं उपटू नका, त्यांना तुरे येऊन बी धरू द्या आणि ते पावसाआधी झाडून घ्या. मिरचीची चांगली लालभडक फळं बियांसाठी वेगळी वाळवा. बाकीचे सपाट वाफे आता मोडा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सपाट वाफ्यात मुळं कुजतात. माती ओढून वीतभर उंच वरंबे करा आणि मधल्या चरांना उताराकडे वाट काढून द्या.

काकडी, पडवळ, दोडका, भोपळा यांच्यासाठी फूटभर खोल खड्डे आत्ताच खणून उन्हात तापू द्या. मग त्यांत पातेरा, कुजलेलं शेण आणि चुलीतली राख घाला. बी मात्र घाईने टोचू नका. रोहिणीत एखादी सर पडते, माती भिजते, बी रुजतं आणि मग आठ दिवस ऊन पडून कोवळं रोप करपतं. मृग लागून पाऊस टिकला की प्रत्येक खड्ड्यात तीन-चार बिया टोचा आणि पुढे दोन जोमदार वेल ठेवा. मांडव मात्र पावसाआधी उभा झालाच पाहिजे, नंतर चिखलात खांब धरत नाहीत. आलं, हळद, सुरण आणि अळूचे कांदे हे सगळं मेअखेरीस मातीत जायला हवं, तेही याच आठवड्यात उरका. वेलांचं बी दुकानातून आणण्याआधी काकींच्या चुलीवर टांगलेल्या पुरचुंड्या बघायला मागा. गावची काकडी आणि गावचं पडवळ गावच्या पावसाला सरावलेलं असतं.

पातेरा जाळू नका. माडाच्या आळ्यात पसरा. पहिल्या सरींचा मार तो झेलतो आणि माती वाहून जात नाही. आंब्यांना पाऊस लागला की विस्ताराच्या आतल्या बाजूने गोल चर काढून प्रत्येकी पन्नास किलोपर्यंत शेणखत द्या. जुन्या झाडांना वीस वर्षांत कुणी काही घातलं नसेल. आणि लाकूडफाटा मांगरात (आवारातल्या खोपटात) कोरडा रचून ठेवा, खारात आणि आगळात गुंतून हे राहून जातं.

आता आठळ्या. गर पूर्ण निघेपर्यंत धुवा आणि एक-दोन दिवस सावलीत सुकवा. तडा गेलेल्या, मऊ पडलेल्या आधी भाजून खाऊन टाका. उरलेल्या कोरड्या लाल मातीत किंवा राखेत घोळवा आणि मडक्यात, मातीचा एक थर, आठळ्यांचा एक, असं भरून घरातल्या थंड अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. माती पूर्ण कोरडी असावी. ओली असली की आठळ्या रुजू लागतात. पंधरा दिवसांनी मडकं एकदा उपसून पाहा. ज्यांना कोंब आलेत त्या भाजीत घाला, त्या खायला चालतात, आणि बाकीच्या पुन्हा कोरड्या मातीत भरा. अशा ठेवल्या की श्रावणाच्या उपासांपर्यंत पुरतात.